करंगळीची पट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मागाहून म्हणू नका काकांनी घाबरवलं. आणि तो मोबाइल खिशात ठेव रे. ही ऐकीव गोष्ट नव्हे, आमच्या टेस्टरच्या बाबतीत घडलेली आहे. सदऱ्याच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. इलेक्ट्रॉनिक वाद्यं दुरुस्त करतो. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "करंट आहे की नाही, एवढंच विचारा," म्हणायचा.

गेल्या थंडीतला शेवटचा रविवार. रात्रीचे साडेनऊ. दुकान बंद करून तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत डिजिटल पियानो. पोटात चक्क कॉम्प्युटर असतो ना, तसला. चालू केला की स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह यायचं, स्क्रीन काळी व्हायची, पुन्हा चिन्ह. पुढे गाडी सरकतच नव्हती.

"दादा, पियानो बंद राहिला तरी चालेल," बाई म्हणाल्या. "पण माझ्या लेकीनं वाजवलेलं त्यात साठवलंय. ती गेल्यापासून तेच ऐकून झोप लागते मला. तिचं म्हणून तेवढंच उरलंय. ते जाऊ देऊ नका."

"अहो, निर्धास्त राहा. एक सूर हलणार नाही."

बाई आतल्या खोलीत शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. टेस्टरनं वायर बदलून पाहिली, पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर नव्यानं चढवून पाहिलं. पुन्हा चिन्ह, पुन्हा काळोख. असा हट्टी पियानो दुकानात आला की त्याचा एकच रामबाण उपाय असायचा. अगदी डावीकडची आणि अगदी उजवीकडची पट्टी एकदम दाबून धरायची आणि पियानो चालू करायचा. कारखान्यातून आला तसा तो कोरा करकरीत होतो. दुकानात ठीक आहे हो, तिथं कुणाचा जीव अडकलेला असतो? पण जित्याची खोड ती. डोकं पेंगत होतं आणि हात आपले आपण पसरले. पायाच्या अंगठ्यानं त्यानं जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डाचं बटण दाबलं.

पियानो झकास सुरू झाला. टेस्टर खूश. मग त्यानं साठवलेली गाणी उघडून पाहिली.

एकही नव्हतं.

त्यानं यादी पुन्हा पुन्हा खालीवर करून पाहिली. तेवढ्यात आतलं मशीन थांबलं. "झालं का हो दादा?"

"झा... झालं."

"मग लावा ना तिचं. इथूनच ऐकते, एवढी शिवण संपवते."

खरं सांगायला जीभ उचलेना. आपणच काहीतरी वाजवावं आणि आजची वेळ मारून न्यावी, असं त्यानं ठरवलं. लाज वाटली त्याला, फार वाटली. तरी त्यानं हात पुढे केला.

पट्टीला बोट लागलंच नव्हतं.

पियानो वाजायला लागला.

हळू. पोरकट. एकेक सूर चाचपत... बरं का, साठवलेलं वाजताना त्या पियानोच्या पट्ट्या हलत नाहीत. आवाज नुसता स्पीकरमधून येतो.

पट्ट्या हलत होत्या.

टेस्टर मागे सरत भिंतीला टेकला. सूर वर चढले... अडखळले... थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडले.

आत बाई हसल्या. रडत रडत हसल्या. "तिथंच अडते बघा." आणि मग, लेक समोर बसली असावी तशा, सवयीनं ओरडल्या, "अगं, करंगळी! करंगळी लाव!"

पियानो गप्प झाला.

टेस्टरला स्वतःचा श्वास ऐकू येत होता...

पुन्हा पहिल्यापासून. वर... आणखी वर... ती जागा आली...

बरोबर वाजली.

आत कात्री खाली पडली. बाई दारात आल्या. चेहरा पांढराफटक.

"दादा... साठवलेल्याला... ऐकू येतं का हो?"

 हत्यारं तिथंच टाकून टेस्टर जिना उतरला.

सकाळी चांगलं ऊन वर आल्यावर तो परत गेला. "ताई, चूक झाली, काल माझ्या हातून सगळं पुसलं गेलं," त्यानं मान खाली घालून सांगून टाकलं.  बाईंनी नुसतं पियानोकडे बोट दाखवलं. वरच्या सुरांतली एक पट्टी, लेक जिथं अडायची तीच, खाली दबलेली होती.

टेस्टरनं झाकण उघडलं. स्प्रिंग शाबूत. काही अडकलेलं नाही, काही तुटलेलं नाही. त्यानं नखानं पट्टी अलगद वर उचलली आणि सोडली. ती पुन्हा खाली गेली... सावकाश.

"नका उचलू दादा," बाई मागून हळूच म्हणाल्या. "बोट दुमडतं तिचं."

त्यानं झाकण लावलं. ती पट्टी अजून खालीच आहे.