चौथ्या खणाचा पत्रा

दूरध्वनी केंद्रातली नोकरी संपल्यावर मी वरवट बकालला परतलो आणि रविवारी सकाळी समाजमंदिरात मुलांना यंत्रं उघडून दाखवू लागलो. भंगारातून आणलेला एक मोठा राउटर तिथल्या टेबलावर असतो. लोखंडी पेटी, तिला आडवे खण, आणि खणाखणात सरकवून बसवलेली कार्डं. एका कार्डात तांब्याच्या तारा येतात, दुसऱ्यात काचेच्या. वेगळी तार आली तर पेटी बदलायची नाही, कार्ड बदलायचं. तेही पेटी चालू असताना.

"पन पेटीले कसं समजते, कार्ड आलं म्हणून?" राखीने एकदा विचारलं होतं. आमच्या गल्लीतल्या जयमालाची मुलगी, चौथीतली. विचारताना तिची मान तिरकी होते.

"हजेरीनं. वरचं कार्ड म्हणजे गुरुजी. ते सगळ्या खणाइले विचारते, कोन हाय? कार्ड आपलं नाव सांगते, हजर म्हणते."

लॅपटॉपवर ही हजेरी मराठीत दिसेल अशी सोय मी केली होती. चौथा खण रिकामा होता. त्याच्या तोंडावर पत्रा लावलेला, कारण खण उघडा राहिला तर पंख्यांची हवा तिथूनच निसटते आणि बाकीची कार्डं तापतात.

त्या रविवारी सरपंच गुलाबराव वर्ग पाहायला आले. ही खोली आम्हाला कायमची द्यायची की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं. मी हजेरी सुरू केली. एक हजर. दोन हजर. तीन हजर.

"आबा, चारमधी कोनी हाय," राखी म्हणाली. तिने पत्र्याला कान लावला होता. "सास घेऊन राह्यलं."

"पंख्याची हवा हाय ते."

"नाही नं आबा. हवा थांबत नाही. हे थांबून थांबून घेते."

गुलाबराव हसले. "काय आबा, भंगारातून भूत भरून आनलं का?"

मुलंही हसली. माझे कान तापले. मुलांवर कधी आवाज न चढवणारा म्हणून गाव मला ओळखतं.

"चूप बस वं, खोटारडे! तुह्या तोंडालेच पत्रा लावतो आता!"

राखीची मान सरळ झाली. ती चप्पल घालून निघून गेली. जाताना रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुलाबरावांनी खोली दिली. सगळे गेल्यावर मी लॅपटॉप बंद करायला वाकलो.

चार: हजर. नाव: सांगत नाही.

अशी ओळ मी कधीच लिहून ठेवली नव्हती. पत्र्याचे स्क्रू काढले. आत मागच्या भिंतीवरच्या पिना आणि धूळ. पुन्हा हजेरी घेतली. तीच ओळ. पत्रा तसाच टेबलावर ठेवून मी घरी आलो.

सोमवारी सकाळी जयमाला दारात उभी होती.

"आबा, पोरगी कालपासून बोलतच नाही. तोंड उघडते, आवाज येत नाही. वर्गात काही झालं का?"

"नाही बा. काहीच नाही," मी म्हणालो.

तिने लगेच विश्वास ठेवला. "तुमी असताना काय होनार म्हना," असं म्हणून ती गेली. मला तिच्या पाठीकडे पाहवलं नाही.

माफी मागायला राखीच्या दारात जायला हवं होतं. गल्लीतले लोक बघतील म्हणून मी समाजमंदिरात गेलो. कडी लावली, पेटी चालू केली आणि तिचा आवाज तिथेच अडकलाय असं वाटून उघड्या खणाशी तोंड नेलं.

"राखी, चुकलं माह्यं."

पंखे फिरत होते. खणातून तोंडावर कोमट हवा आली. मग थांबली. मग पुन्हा आली.

"मी तुह्या मायजवळ खोटं बोललो बाई. लाज वाटते मले."

लॅपटॉपवरची ओळ बदलली.

चार: रिकामा.

मी घाईघाईने पत्रा बसवला, स्क्रू आवळले.

फोन वाजला. जयमाला रडत होती, हसत होती.

"आबा, बोलली पोरगी!"

"काय म्हनली?"

"येड्यावानी काहीतरी. म्हणते, आबाले सांग, पत्रा लावू नका. मी निघाली, सास घेनारं ते अंदरच हाय."

माझा अंगठा अजून पत्र्यावर होता.

मी तो उचलला. खाली पत्र्याची अंगठ्याएवढीच जागा आतून दाबल्यासारखी वर आली होती, आणि हळूहळू गरम होत होती.