बाटल्यांवरची तार

"धर्मेंद्र मेला! बेल्जियमचा आणखी एक जवान खलास!" नीलेश टाळ्या पिटत ओरडला.

"चीटिंग! सुतळीला नुसता शर्ट लागला!" धर्मेंद्र बिनतळाच्या प्लास्टिक ड्रममधून धडपडत बाहेर आला.

"शर्ट काय नि शेंडी काय, करंट तो करंट!" हिमानीनं निकाल दिला.

खेळ तिचाच होता. हिमानी बुऱ्हाणपूर शहराच्या इतवारा भागातली. सुट्टीत दापोरा गावी मामाकडे, म्हणजे धर्मेंद्रच्या घरी आलेली. शाळेनं एखाद्या देशाच्या स्वातंत्र्यावर तक्ता करायला सांगितला होता, आणि या बाईसाहेबांनी निवडला बेल्जियम!

"१८३० साली लढून स्वतंत्र झाले बिचारे," ती सांगत होती, "आणि १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं जवळजवळ सगळा देश गिळला. एक कोपरा उरला, तिथं त्यांचा राजा सैन्य घेऊन उभा. तरणी पोरं हॉलंडमधून वळसा घालून त्या सैन्याला मिळायला जायची. म्हणून जर्मनांनी सरहद्दीवर विजेची तार लावली. लोक तारेखाली बिनतळाचं लाकडी पिंप घालून त्यातून पार व्हायचे. कितीतरी जण चिकटून मेले. आणि त्यांना ओढायला गेलेलेही मेले!"

"म्हणजे हात लावायचाच नाही?" नीलेशनं विचारलं.

"सख्खा भाऊ असला तरी नाही. आधी लाइट बंद!"

"सुतळीत मजा नाही यार," धर्मेंद्रनं ड्रम उचलला. "सुकलालकाकांच्या केळीच्या बागेला खरी तार आहे. चला!"

तो पोचलासुद्धा, आणि तार वर करायला त्यानं हात पुढे केला.

"थांब! हात मागे घे!" हिमानी किंचाळली.

बांधावर बांबूच्या खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला काचेची बाटली बांधलेली, आणि तार त्या बाटल्यांच्या गळ्यांभोवती फिरवलेली. हिमानीच्या तक्त्यावरच्या चित्रात अशीच तार होती, फक्त बाटल्यांच्या जागी चिनी मातीच्या वाट्या!

"काचेतून करंट जात नाही. नुसती तार असती तर बाटल्या कशाला बांधल्या असत्या?"

तारेखालच्या गवतात एक मुंगूस मरून पडलं होतं. नीलेशचं तोंड एवढंसं झालं.

"निंबामामा इथंच पडला होता," तो म्हणाला.

निंबामामा म्हणजे त्याच्या आईचा, गोदाबाईचा धाकटा भाऊ. होळीनंतर एका सकाळी याच बांधावर तो मेलेला सापडला. "झटका आला बिचाऱ्याला," असं सुकलालकाकांनीच गावाला सांगितलं. हार्टचा झटका, असं सगळे समजले.

"काय करून राहिले रे पोट्टेहो?" सुकलालकाकाच हजर!

"काका, या तारेत करंट आहे का?"

"पागल झाली का गं पोरी?" काकांनी तार सरळ मुठीत धरली. "हे पाहा! मेलो का मी? डुकरं भ्यावी म्हनून बाटल्या बांधल्या. पळा घरी!"

"हिमानी मॅडम फेल!" धर्मेंद्र खिदळला.

हिमानी मात्र हसली नाही. "डुकरं कधी येतात रे?"

"अंधार पडल्यावर." एवढं बोलून धर्मेंद्रचंही हसू मावळलं.

दिवस बुडेपर्यंत तिघं ड्रमाआड दबा धरून बसली. सुकलालकाका मोटरीच्या खोलीत गेले. आत खट्‌ झालं. मग ते बाहेर येऊन बाजेवर निवांत तंबाखू मळत बसले.

तेवढ्यात बांधावरून गोदाबाई आली. डोक्यावर गवताचा भारा, बरीच पुढे बकरी. बकरीनं तारेखालच्या गवतात तोंड घातलं, आणि ती तारेला चिकटून थडथड उडू लागली!

"आई! हात नको लावू!"

"अरे, बकरी मरून राहिली ना माझी!" भारा टाकून गोदाबाई धावली.

नीलेश उठून पळणार, तोच हिमानीनं त्याला कमरेला मिठी मारून पाडलं.

"सोड! आई आहे माझी!"

"तू चिकटशील, मग तुला ओढायला ती येईल! धर्मेंद्र, लाइट!"

मोटरीची खोली काकांच्या ताब्यात. मुलांना ते आत थोडेच जाऊ देणार! पण धर्मेंद्रचं डोकं अशा वेळी भलतंच चालायचं.

"काका! मोटर पेटली! आग! आग!"

आसपासच्या शेतांतली माणसं धावत सुटली. सुकलालकाका बाजेवरून उडालेच. खोलीत शिरून त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

तारेवरची बकरी धपकन खाली पडली. गोदाबाईचा हात तिच्यापासून वीतभर लांब होता. बकरी पुन्हा उठली नाही.

"कुठाय आग?" काका बाहेर येऊन ओरडले.

"आग नाहीच काका," धर्मेंद्र धापा टाकत म्हणाला. "पण तुम्ही तिकडे लाइट बंद केली नि इकडे बकरी सुटली, ते कसं?"

सगळे काकांभोवती जमले.

"डुकरं सगळी केळी खाऊन जातात... काय करनार मी?" काका पुटपुटले.

"आणि निंबामामा?" नीलेशनं विचारलं.

"सकाळी लाइट बंद करायला आलो, तेव्हा तो तारेला चिकटलेला होता," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोलीस काकांना घेऊन गेले. बांधावरची तार उतरली. सरपंच वैजयंतीताईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाब्बास रे पोरांनो! आम्ही मोठी माणसं रोज इथून जायचो, पण डोळे असून आंधळे! तुमच्यामुळं गोदाबाईचा जीव वाचला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नीलेश मात्र आईकडे बघत होता. गोदाबाईनं खुंटीवरची एक रिकामी बाटली हातात घेतली होती.

"झटका आला म्हनले माझ्या भावाला," ती म्हणाली. "कोनता झटका, ते मी इचारलंच नाही."

टाळ्या थांबल्या.