दोनपदरी पिशवी

"डासासाठी पिशवी शिवायची हाय," असं बद्रीनाथ पहिल्याच दिवशी म्हणाला, अन् मी कात्री खाली ठेवून त्याच्याकडं बघतच राहिले.

"अगंबाई! मापाला डास आणलाय का?"

लाजला बिचारा... पार कानापर्यंत.

मी क्रांती चौकात मावशीच्या दुकानात शिवणकाम करायची. हा सोयगावचा, रेडिओ दुरुस्त करणारा. तेव्हा निळ्या दिव्याच्या यंत्रात डास तडतड जळायचे, अन् तुकडे थेट ताटात. बद्रीनं दिव्याखाली छोटा पंखा बसवला होता. पंख्यानं डास ओढायचा, खालच्या पिशवीत अडकवायचा. कापडातून वारा निघून जावा, डास नाही.

त्यापायी दर दोन दिवसांनी यायचा. कधी पिशवीचं तोंड मोठं, कधी शिवण सैल... पंखा बंद केला की डास वर यायचे, तर मी आतून मलमलीची हलकी झडप लावून दिली.

"लई डोकं हाय तुम्हाला," तो म्हणाला, अन् नजर काही हलवेना. मी सुईत दोरा ओवत बसले — ओवलेलाच होता!

आता काम संपलं. हा परत कशाला येणार? म्हणून शेवटची पिशवी मी मुद्दाम दोनपदरी शिवली. वारा अडेल, तक्रार घेऊन येईल. नाव चतुरा, अन् अक्कल बघा माझी!

मला काय ठाऊक, दुसऱ्याच दिवशी चिकलठाण्याला एक कारखानदार यंत्र बघणार होते ते.

तिसऱ्या दिवशी तो आला, काखेत वळकटी. "एक डास ओढला नाय. सगळे हसले. चाललो सोयगावला, वडलांनी शेतावर बोलावलंय. जाताना तुम्हाला..." अन् वळला.

मी मशीनवरून उठले. "थांबा! यंत्र चांगलंय. पिशवी मीच दोनपदरी शिवली."

"का?"

"तुम्ही परत यावं म्हणून! आवडता तुम्ही मला — झालं समाधान?"

रागवायलाच हवं होतं त्यानं. त्यानं वळकटी माझ्या मशीनवर ठेवली. "नुसतं 'या' म्हटलं असतं, तर आलो नसतो व्हय?"

त्या कारखानदारांनी ह्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. यंत्र एकच बनलं, ते चाळीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात घरघरतंय. पिशवी दरवर्षी मीच शिवते. पंख्याचा आवाज जरा बदलला, की हे पेपर खाली ठेवतात.

"चतुरा, कितीपदरी शिवलीस गं?"

"एकपदरी," मी म्हणते. "आता कुठं जाणार तुम्ही?"