टेप, दोरा आणि बाबांचं विमान

"साडेएकोणीस तास," काकांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावरून टेप काढून गळ्यात टाकली. "विमान रात्री साडेदहाला उतरणार. जेवूनच निघू."

काका शिंपी होते. मोजमापात त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. दोन विमानतळांमधलं अंतर त्यांनी साडेसोळा हजार किलोमीटर काढलं होतं, विमानाच्या वेगाने भागलं होतं.

सुट्टीभर ताई, चष्मिष आणि धाकटी टुकटुक ही भावंडं काकांच्या दुकानातच पडीक असत; आईही तिथेच शिलाई मशीनवर बसे. आज मात्र कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन वर्षांनी बाबा दिसणार होते, तेही तासभरच. दूरच्या नव्या नोकरीवर जाताना इथे ते विमान बदलणार होते. "तुमच्या घड्याळात पहाटे तीनला निघतोय, वाटेत खिडकीतून नुसतं बर्फ दिसेल म्हणे," एवढं सांगेपर्यंत काल फोन तुटला. विमानतळाचा फोन तर सकाळपासून लागतच नव्हता. तेव्हा हे असंच असायचं. माणूस समोर दिसला की आला म्हणायचं.

"काका," चष्मिष म्हणाला, "तुमच्या टेपखाली बर्फ कुठंय? सगळी उन्हातली बेटं आहेत."

"ढगांना बर्फ म्हणाला असेल. तू बटणं लाव."

ताईने दोघांना डोळ्याने खुणावलं. शेजारच्या वह्यांच्या दुकानात पृथ्वीचा गोल होता. "धूळ पुसून परत आणा," या बोलीवर दुकानदार आजोबांनी तो दिला. टुकटुकने दोन्ही शहरांवर बोटं ठेवून दोरा ताणला. दोरा आडवा राहीचना. सरकत सरकत तो पार वर, पांढऱ्या भागावर गेला.

"बर्फ," चष्मिष पुटपुटला.

ताईने दोरा मोजला. साडेनऊ हजार किलोमीटर, सव्वाअकरा तास. म्हणजे विमान दुपारी सव्वादोनला! अकरा वाजून गेले होते आणि विमानतळ बसने अडीच तासांवर.

"खेळण्यातल्या गोलावर कसली मापं घेता?" काका हसले.

ताईने नकाशा उतरवला आणि झगे अडकवायच्या पुतळ्याच्या खांद्यावर ठेवला. "हा चुण्या न पाडता बसवून दाखवा."

"सपाट कागद तो. गोलाईवर कसा बसेल? वरचा भाग आत घ्यावा लागेल, तिथे जास्तीचं…" काका थांबले. नकाशाच्या वरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "ताणून काढलाय की हा."

आई केव्हाच मशीनवरून उठून चपला घालून उभी होती. "भावजी, चला," ती म्हणाली.

ते पोचले तेव्हा बाबा काचेच्या दारातून बाहेर येतच होते. "मी उतरायची वेळ कुठे सांगितली होती? कोणी भेटेल असं वाटलंच नव्हतं."

"माझ्या भरवशावर राहिलो असतो तर नसतंच भेटलं कोणी," काका म्हणाले. "पोरांनी मला माझाच धंदा शिकवला आज."

बाबांनी चष्मिषच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, तो त्याच्या खांद्याला लागला. मग त्यांनी तो सावकाश वर नेला.