सोनाजीची पकड

"उद्या सकाळच्या एसटीनं शिवमला फुलंब्रीला धाडून द्या," प्रयोगशाळेचे प्रमुख बद्रीनाथ सर यांनी अंबिकेच्या मावशीला निक्षून सांगितले. प्रयोगशाळेच्या फरशीवर पाण्याचे थारोळे साचले होते. त्यात स्टीलचा पेला लोळत होता.

पेला पाडला होता सोनाजीने. अंबिकेची रत्नमाला मावशी ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असे, तिथला हा माणसासारखा यंत्रमानव. त्याच्या बोटांना स्पर्श कळे, आणि मेंदूच्या धर्तीवर रचलेली यंत्रणा अनुभवातून शिकून, कोणती वस्तू किती आवळून धरायची ते ठरवी. परवा तो पाहुण्यांना पाणी देणार होता. आज रंगीत तालमीतच पेला सुटला. सुटीत फुलंब्रीहून आलेल्या शिवमने, म्हणजे अंबिकेच्या दुसऱ्या मावशीच्या मुलाने, तारांशी खेळ केला असणार, असे सरांनी ठरवूनच टाकले.

"म्या हात बी लावला नाय," शिवम पुटपुटला.

अंबिकेने आधी तारांची चौकशी केली. मावशीने त्या तपासल्या होत्या. एकही ढिली नव्हती. शिवाय सकाळी सोनाजीने हाच पेला झकास पेलला होता. मग दुपारपर्यंत बदलले काय?

"मावशे, सकाळी पेल्यात पाणी होतं का गं?"

मावशी थबकली. पाणी नव्हते. सकाळीच काय, कधीच नव्हते. यंदाच्या दुष्काळात टँकरची वाट पाहून सारे शहर हैराण झाले होते, आणि प्रयोगशाळेत थेंबभरही पाणी वापरायचे नाही, असा खुद्द सरांचाच हुकूम होता. सगळा सराव रिकाम्या पेल्यावर झाला होता; पाणी पहिल्यांदा भरले ते आजच्या रंगीत तालमीत.

शिवमने आवारातून ओंजळभर खडे आणले आणि सोनाजीच्या हातातल्या पेल्यात एकेक टाकू लागला. पेला हळूहळू घसरला आणि खणकन खाली आदळला.

"बघा सर, त्याला वाटतंय जगातले समदे पेले रिकामेच असत्यात."

सर वरमले, पण सरावाला पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. खडे काही पाण्यासारखे हिंदकळत नाहीत.

"लई सोपं हाय," शिवम म्हणाला. "आमच्याकडं बाजेवर बसून आंघोळ करत्यात. खाली घमेलं. तेच पाणी पुन्हा कामाला."

"म्हणजे आता सोनाजीला आंघोळ घालणार तू?" अंबिका हसली. पण घमेले आणायला तीच आधी धावली.

एका कळशीभर पाण्यावर सराव सुरू झाला. पेला पडे, पाणी घमेल्यात जमे, पुन्हा पेल्यात जाई. दुसऱ्या दिवशी शिवमची एसटी त्याच्यावाचूनच सुटली. संध्याकाळपर्यंत पेला जरासा घसरताच सोनाजीची बोटे आपोआप आवळू लागली, अगदी आपली आवळतात तशी.

पाहुणे आले. भरलेला पेला घेऊन सोनाजीचा हात पुढे झाला, तोच सरांनी पाहुण्यांना विनयाने थांबवले.

"पहिला मान या मुलाचा. याच्यावर मी उगाच आळ घेतला. खरी चूक माझ्या हुकुमाची होती, आणि ती पकडली या दोन पोरांनी."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने अंबिकेच्या पाठीवर थाप दिली. शिवमने सोनाजीच्या हातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. फरशीवर एक थेंबही सांडला नव्हता.