एकदा खालून बघा

औंढ्याच्या नागनाथाची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पाहिलं व्यंकटरावांनी. मी पलीकडच्या टपरीवर होतो. टपरीवर तरी होतो की नव्हतो, ते जाऊ द्या. गोष्ट खरी आहे.

कळमनुरीत नांदेड रोडला जुन्या गाड्या विकतात. गाडी घ्यायची तर व्यंकटरावांना सोबत न्यायचं, ही आसपासच्या गावांची रीतच. ते दार आपटून आवाज ऐकायचे, पायाखालचं मॅट उचलून वास घ्यायचे, आणि 'बराबर हाय' म्हणाले की मगच नारळ फुटायचा.

त्या दिवशी तांड्यावरच्या दिपकनं त्यांना आणलं होतं. त्याच्या आईला, चंदाबाईला, दिवसाआड नांदेडला डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यासाठी गाडी हवी होती.

"काका, तपासणीचं सगळं मोबाईलवर काढलं म्या. फिटनेस पास, विमा चालू, अपघाताची नोंद न्हाई."

व्यंकटरावांची नजर नंबरावर गेली आणि तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. रंग नवा होता. नंबर देविदासचा होता.

देविदास त्यांचा जिवलग. हीच गाडी घेताना तो म्हणाला होता, 'व्यंकट, एकदा खालून बघ की.' पण व्यंकटराव लग्नाला निघालेले, अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. मातीत कोण निजणार? उभ्या उभ्याच म्हणाले, 'बराबर हाय.' पुढं देविदास गाडीसकट सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यात गेला. गाडी वर काढली तेव्हा ब्रेकची नळी गंजून फुटलेली दिसली. लोक म्हणाले, नशीब. मैतीत सगळ्यात मोठ्यानं व्यंकटराव रडले, पण कपड्यांचं काही बोलले नाहीत. मोबाईलवर कालव्याचीच नोंद नव्हती, तिथं कपड्यांची कुठून येणार?

"क्या चाचा, घाम काहून फुटला?" गाड्यांचा दलाल मुन्ना हसला. "गाडी बघायला आलाव, पोरगी न्हाई. घ्या खालून बघून."

दिपक चहा सांगायला रस्त्यापलीकडं गेला. मुन्नाचा फोन वाजला, तो पत्र्याच्या खोलीत शिरला. भर दुपार. व्यंकटराव पोतं अंथरून गाडीखाली सरकले.

बाहेर ऊन रणरणत होतं, आणि खाली मात्र गारवा... शेवाळाचा, कुजक्या पाण्याचा वास... नाकातोंडात शिरणारा. खालचं काही दिसेना. त्यांनी हात बाहेर काढला.

"दिपक, बॅटरी दे रे..."

बॅटरी हातात आली. देणाऱ्याची बोटं ओली होती, आणि बर्फासारखी गार.

"निवांत बघ, व्यंकट..." आवाज अगदी कानाशी आला. "आज कपड्यांची फिकीर न्हाई ना...?"

व्यंकटरावांनी डोळे गच्च मिटले. "देविदास... चुकलं रे माझं..."

"मला काय सांगतो...? त्या पोराला सांग..."

"काका, चहा आणला!" दिपकची हाक आली. दुरून, रस्त्यापलीकडून.

व्यंकटराव रांगत बाहेर आले. दिपकचे दोन्ही हात धरून त्यांनी सगळं सांगून टाकलं: ते लग्न, ते कपडे, तो कालवा. दिपकनं चहाचा ग्लास त्यांच्यापुढं केला. मग म्हणाला, "बरं केलं काका, बोललात." आणि गाडी न घेताच दोघं परत फिरले.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण हा शेवटचा भाग मी रचला. बाकी सगळं खरं. व्यंकटराव बाहेर आले, तेव्हा डोळे मिटल्यामुळं त्यांनी खालचं काहीच बघितलेलं नव्हतं. त्यांनी धूळ झटकली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बराबर हाय."

नारळ फुटला. गाडी आता तांड्यावर असते, दिवसाआड नांदेडला जाते. आणि रोज तिन्हीसांजेला व्यंकटराव तिथं येतात, 'एकदा बघतो' म्हणून खाली सरकतात, अंधार पडला तरी बाहेर येत नाहीत.

"काका, ब्रेक बराबर हाय ना?" दिपक विचारतो.

"बघून राहिलो..." खालून उत्तर येतं.

चंदाबाई अंगणात बाजेवर पडून ऐकत असते. ती म्हणते, उत्तर रोज एकाच माणसाच्या आवाजात येत नाही.