दारातला की फोनमधला?

दारात मयूर उभा होता, आणि नूपुरच्या हातातल्या फोनवर, व्हिडिओ कॉलमध्ये बोलत होता तोही मयूरच!

तेच कुरळे केस, तीच गालावरची खळी. बाई गं... माणसाने बघावं तरी कोणाकडे?

गिरगावात खोताच्या वाडीच्या तोंडाशी कालिंदीआत्याचं दुकान. नाटकाचे कपडे-दागिने भाड्याने द्यायचं. या दारातून रोज सोंगं बाहेर जायची, पण सोंगच फोन करून माल मागेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यात आज आत्याने पहिल्यांदाच भाचीच्या, नूपुरच्या हाती कपाटाची किल्ली दिलेली. आत आत्याच्या आजेसासऱ्यांच्या वेळचे चांदीचे मुकुट, खऱ्या जरीचे शेले. "एक शेला इकडचा तिकडे झाला, तर पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही," असं बजावून आत्या देवळात गेलेली.

परळच्या नाटकमंडळाचा मयूर वर्षभर नुसता फोनवरच बोलत आलेला. फोन ठेवताना दर वेळी म्हणायचा, "येतो हां." यायचा मात्र टेम्पो! नूपुरने त्याला पाहिलं होतं ते त्याच्या नाटकांच्या व्हिडिओंत. तेही, खोटं कशाला बोला, जरा जास्तच वेळा.

"टेम्पो कोपऱ्यावर आलाय, मुकुट देऊन टाका," फोनमधला म्हणाला. "जुना फोन बिघडलाय, आता हाच नंबर."

"अहो, हा कोण?" दारातला हबकला. "मयूर मी आहे! तुमचा मुकुट डोक्यावरून घसरतो, म्हणून या वेळी डोकंच घेऊन आलो."

"तोही स्वतःला मयूरच म्हणतोय," नूपुर म्हणाली.

"पण तो... अगदी माझ्यासारखा दिसतोय!"

"तुमच्यापेक्षा बरा दिसतोय. शर्टाला इस्त्री तरी आहे."

मन दारातल्याकडे ओढ घेत होतं. पण मनाच्या सांगण्यावरून कोणी कपाट उघडतं का? दुकानाचा फोन तसाच चालू ठेवून नूपुरने स्वतःच्या फोनवरून मयूरचा जुना नंबर लावला.

दारातल्याचा खिसा वाजला.

त्याने मान लांब करून तिच्या फोनमध्ये डोकावलं. "'येतो हां'? माझं हे नाव ठेवलंय तुम्ही?"

"वर्षभर येतो म्हणून न येणाऱ्याचं दुसरं काय नाव ठेवू?" म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या लालेलाल.

तिकडे फोनमधला चपापला. "ठीक आहे, मी जातो."

"जातो?" नूपुर कडाडली. "निघताना जातो म्हणतात होय रे? तोंड चोरलंस, आवाज चोरलास, रीत कुठून चोरशील मेल्या!"

फोन कट. कोपऱ्यावरचा टेम्पोही पसार.

देवळातून परतल्यावर आत्याने सगळं ऐकलं आणि कंबर कसली. "व्हिडिओ बघून कोणाचं तोंड हुबेहूब करतात म्हणे. मग तोंडाला विचारतो कोण? नव्या नंबरावरून कोणी काही मागितलं, की जुन्यावर फोन करायचा. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी एक खुणेचा शब्द. तो फोनवर ठरवायचा नाही, इथे येऊन ठरवायचा. दर खेपेला नवा."

बाकीची गिऱ्हाइकं कुरकुरली. मयूरला मात्र हा नियम फारच मानवला. नाटक असो नसो, शब्द बदलायला स्वारी हजर! कधी 'अबोली', कधी 'खळी', कधी 'इस्त्री'. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. हल्ली त्याच्या शर्टाला इस्त्रीची घडी दिसायची, आणि ती दिसली की नूपुर उगाच मुकुट पुसत बसायची.

एका संध्याकाळी तो आला, पण शब्द काही सांगेना. नुसता मुकुट हातात फिरवत उभा.

"बोल ना. काय ठेवायचा?"

"माझ्याशी... लग्न करशील?"

"हा शब्द आहे का? हा तर प्रश्न झाला."

"मग शब्द तू दे."

नूपुरने आत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, "...हो."

आतून आत्याची हाक आली, "काय गं, ठरला का शब्द?"

"ठरला, आत्या! शब्द आहे—"

"अगं गाढवे, ओरडून काय सांगतेस? दोघांतच ठेवायचा असतो तो!"